रकाना क्रमांक सात भरून मिळणेबाबत

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक साहेब,
विद्युत निरीक्षण कार्यालय.

अर्जदार : कोंडीराम आबाजी येळवंडे, वय ६४, सेवानिवृत्त इलेक्ट्रिशियन, राहणार बी-१०३, सोनचाफा संकुल, मौजे निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे.

विषय : सोनचाफा संकुलाच्या आवारातील विद्युत उपकेंद्रात दि. १४ मे २०२५ रोजी झालेल्या अपघाताच्या चौकशी अहवालातील रकाना क्र. ७ (उपकरणाच्या मालकाचे नाव) कोरा न ठेवता भरून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाच्या अहवालाचा मसुदा, मला दि. ११ ऑगस्ट रोजी मिळालेली प्रत.
२) वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाचे दि. २५ जुलैचे पत्र. पत्रावर नाव 'उपकेंद्रधारक' असे, पाकिटावर पत्ता माझ्या फ्लॅटचा.
३) माझे शाखा कार्यालयास दिलेले यापूर्वीचे चार अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

हा अर्ज आपण शेवटपर्यंत वाचावा अशी सुरुवातीलाच विनंती करतो. आधीचे चार अर्ज मी एकेका पानात बसवले होते आणि त्यांचे काही झाले नाही. म्हणून या खेपेला पानांचा विचार केलेला नाही.

१. दि. १४ मे रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास आमच्या संकुलाचे वॉचमन श्री. किसन मारोती घुगे, वय ५३, मूळ राहणार तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हे उपकेंद्रात फ्यूज बसवत असताना भडका उडाला आणि त्यांचा उजवा हात भाजला. अंगठा धरून तीन बोटे डॉक्टरांना काढावी लागली. आपल्या कार्यालयाने चौकशी केली, ती नीट केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अहवालात तारीख बरोबर आहे, किसन यांचे नाव बरोबर आहे, यंत्रातील तेलाची पातळीसुद्धा बरोबर आहे. फक्त रकाना क्रमांक सातपुढे 'निश्चित करता आले नाही' असे लिहिलेले आहे. येत्या २२ सप्टेंबरला अंतिम सुनावणी आहे. तोवर तो रकाना असाच राहिला तर किसन यांच्या भरपाईचा दावा दाखलच होणार नाही. दावा कोणावर तरी करावा लागतो, नाव नसलेल्यावर करता येत नाही, असे वकिलांनी स्पष्ट सांगितले. एका माणसाची तीन बोटे गेली आणि ती कोणाच्या यंत्राने नेली हे कोणालाच माहीत नाही, असा हा प्रकार आहे. मला हा प्रकार सहन होत नाही.

२. उपकेंद्र म्हणजे काय हे आपणास सांगण्याची माझी पात्रता नाही. परंतु या अर्जाची प्रत संस्थेच्या सभासदांनाही देणार असल्याने लिहितो. मागच्या भिंतीलगत जाळीच्या कुंपणात एक रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि एक फ्यूजपेटी आहे. वरून बावीस हजार व्होल्ट येतात, खालून आपल्या घरचे दिवे आणि पंप चालतात. लोक त्याला डीपी म्हणतात. गेली चार वर्षे लोक त्याला 'काकांची डीपी' म्हणतात, आणि ते काका म्हणजे मी. जेवणाचे पार्सल आणणाऱ्यांना पत्तासुद्धा 'काकांच्या डीपीच्या डाव्या हाताला' असा सांगितला जातो. सुरुवातीला मला याचे बरे वाटत असे, हे कबूल करतो.

३. हे उपकेंद्र कोणाचे, या प्रश्नावर संबंधितांचे म्हणणे असे आहे.

विकसक म्हणतात, २०१६ सालीच वीज कंपनीकडे हस्तांतराचा अर्ज दिला, आमचे काम संपले. त्या अर्जावर आवक शिक्का आहे, सही कोणाचीच नाही. त्यांची फर्म आता बंद झालेली आहे. फोन मात्र ते उचलतात आणि प्रकृतीची चौकशी करतात.

वीज कंपनीचे शाखा कार्यालय म्हणते, हस्तांतर पूर्ण झालेच नाही, सबब उपकेंद्र खाजगी आहे. असेल बापडे. परंतु याच खाजगी रोहित्रावरून शाखा कार्यालयाने भिंतीपलीकडच्या तीन वेल्डिंग शेडना आणि एका मोबाइल टॉवरला जोडण्या दिल्या, तेव्हा आम्हाला साधे विचारलेसुद्धा नाही. जोडणी देताना रोहित्र त्यांचे असते आणि फ्यूज जळाला की आमचे होते. या चार जोडण्यांमुळे रोहित्रावर ताण आला आणि महिन्याला एकदा जाणारा फ्यूज आठवड्याला जाऊ लागला. माझे चार अर्ज याबद्दलच होते.

संस्था म्हणते, जमीन अजून संस्थेच्या नावावर झालेली नाही, त्यामुळे जमिनीवरचे लोखंड संस्थेचे कसे? अध्यक्ष श्री. ज्ञानेश बोत्रे हे तरुण आहेत, महाळुंग्याला एका कंपनीत इंजिनिअर आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "काका, आपण एकदा हो म्हटलं की पुढची तीस वर्षं आपल्याच गळ्यात." त्यांचे गणित चुकीचे नाही. सगळ्यांचेच गणित बरोबर आहे, म्हणून तर रकाना कोरा आहे.

४. आता माझा यात संबंध कसा आला ते लिहितो.

मी निघोज्याचाच. संकुलाची जमीन आमची होती. २०१२ साली ती दिली आणि बदल्यात बी विंगमध्ये फ्लॅट मिळाला. नोकरी मात्र मी एकतीस वर्षे कारखान्यात केली, आधी भोसरीला आणि पुढे त्याच मालकांच्या महाळुंग्याच्या शाखेत, मेंटेनन्स खात्यात. आमच्या खात्यात एक नियम होता. मशीनवर काम करायला जाणाऱ्याने आधी वीज बंद करायची आणि त्या स्विचला स्वतःचे लाल कुलूप लावायचे. कुलपाला एक पट्टी असते, तिच्यावर त्या माणसाचा फोटो आणि नाव. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. ज्याचे कुलूप त्यानेच काढायचे. साहेबाने काढायचे नाही, मालकाने काढायचे नाही, कारण आत कोणाचा तरी हात असू शकतो.

२००४ साली मी एका प्रेसवर कुलूप विसरून पहिली शिफ्ट संपवून घरी आलो. लाइन अडीच तास बंद राहिली. कंपनीची जीप निघोज्याला आली, मी गोठ्यात होतो, तसाच शेणाच्या हातांनी बसून गेलो आणि कुलूप काढले. मॅनेजर मला नाही नाही ते बोलले. पण त्यांनी कुलपाला हात लावला नव्हता. त्या दिवशी मला त्या कारखान्याचा जो अभिमान वाटला तो पुढे निवृत्तीच्या सत्कारातही वाटला नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे. २०२१ साली उपकेंद्राच्या जाळीच्या दाराचे कुलूप गंजून गळून पडले. दार वाऱ्याने उघडे पडू लागले. शाखा कार्यालयाला कळवले, संस्थेला कळवले, विकसकांना फोन केला. तीन आठवडे दार आपटत राहिले. घरी माझ्या पेटीत ते लाल कुलूप पडून होते, निवृत्त होताना आठवण म्हणून दिलेले. मी ते दाराला लावले. पट्टीवर फोटो होताच, खाली मोबाइल नंबर लिहिला. घरी येऊन सांगितल्यावर आमच्या मंडळी, तानाबाई, म्हणाल्या, "आवं, तुमी कुलूप न्हाई लावलं, सवताला टांगून आलाय तितं." त्या चौथी शिकलेल्या आहेत. शाखा कार्यालय, संस्था आणि मी, आम्हा सर्व शिकलेल्यांच्या आधी त्यांना हे कळले.

५. त्यानंतर लाइनमन येई तो माझ्याकडे किल्ली मागे. लाइनमन श्री. भीमराज हे कंत्राटावर आहेत, त्यांच्याकडे अठरा ठिकाणची कामे. त्यांनी आपल्या वहीत लिहून ठेवले, 'सोनचाफा, किल्ली : कोंडीराम काका.' ती वही कार्यालयात गेली. तिथे कोणी तरी ते नोंदवहीत उतरवले, 'ताबा : कोंडीराम येळवंडे (खाजगी व्यक्ती).' पुढच्या वर्षी तेच पत्रात आले. अशा रीतीने एका कुलपाच्या आधाराने मी तीनशे पंधरा केव्हीएच्या रोहित्राचा ताबेदार झालो. मी हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही. कोणी तरी ताबेदार आहे हे मला ठीक वाटले.

५-अ. (हा मुद्दा संस्कृतीने, म्हणजे माझ्या नातीने, सगळे टाइप केल्यावर आठवला. जागा इथलीच आहे.) उपकेंद्राखालची एक गुंठा जागा वीज कंपनीला नाममात्र भाड्याने द्यायची असे ठरले होते, म्हणून ती विकसकांच्या खरेदीखतातून वगळली होती. भाडेकरार झालाच नाही. परिणामी त्या एक गुंठ्याच्या सातबाऱ्यावर आजही माझे वडील कै. आबाजी यांचे नाव आहे. ते २००९ साली वारले. तिथे आमचे खळे होते, वडील तिथे ज्वारी मळत. म्हणजे खालची जमीन मयत माणसाची, दाराचे कुलूप निवृत्त माणसाचे, आणि मधले तेल व तांबे कोणाचेच नाही. हे मी थट्टेने लिहीत नाही. सातबाऱ्याचा उतारा सोबत जोडला आहे.

६. हा मुद्दा चौकशीत मला कोणी विचारला नाही, म्हणून मी सांगितला नाही. आता सांगतो. तो लिहिण्यासाठीच हा अर्ज आहे, बाकीचे सगळे त्याच्या भोवतीचे आहे.

दि. १२ मे रोजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी आकुर्डीला मुलीकडे गेलो. चार दिवस राहायचे होते. एकतीस वर्षांत मी माझ्या कुलपाची किल्ली दुसऱ्या कोणाच्याही हातात दिली नव्हती. लग्नाला गेलो, वडिलांच्या दहाव्याला बसलो, किल्ली करदोड्याला असे. त्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. किसन सामान ठेवत होते. मला वाटले, लाइनमन आला तर दार कोण उघडणार? मी किल्ली काढून किसन यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "भीमराज आला तरच दे." त्यांनी ती खिशात टाकली आणि वरून खिसा दोनदा चाचपला.

चौदा तारखेला दुपारी बी आणि सी विंगचे पाणी चढेना. पहिल्या शिफ्टची माणसे घरी येऊ लागली होती. एक फ्यूज गेला होता. किसन यांनी शाखा कार्यालयाला फोन लावला. तिथून उत्तर मिळाले की ते उपकेंद्र खाजगी आहे, तुमच्या माणसाकडून करून घ्या. किसन यांनी त्यांच्या माणसाला फोन लावला. तो माणूस मी. माझ्या डोळ्याला पट्टी होती आणि फोन मुलीने बंद करून कपाटात ठेवला होता. मग संस्थेच्या ग्रुपवर अध्यक्षांचा निरोप आला की काकांची किल्ली किसनकडे आहे, कोणीतरी बघून घ्या. अठ्ठेचाळीस घरांनी तो निरोप वाचला. कोणीतरी म्हणजे किसन, हे न सांगता सगळ्यांना समजले.

किसन यांना फ्यूज बसवता येत होता का? येत होता. कारण त्यांनी मला पाहिले होते. भीमराजला यायला उशीर होई तेव्हा तो फोनवर म्हणे, "काका, तुम्ही जुने माणूस, तुम्हीच टाका," आणि मी टाकत असे. असे मी निदान दहा-बारा वेळा केले. माझा तारतंत्री (वायरमन) परवाना २०२२ सालीच संपला होता, हेही नोंदवून घ्यावे. किसन बॅटरी धरून शेजारी उभे असत आणि लक्ष देऊन पाहत. तारेला किती पीळ द्यायचा, दांडा कुठे धरायचा, तोंड कुठे फिरवायचे, सगळे त्यांनी बरोबर केले. एकच गोष्ट राहिली. उपकेंद्राकडे येण्याआधी मी जिन्याखालचे पंपाचे बटण बंद करून येत असे. कारखान्याची सवय, आधी भार उतरवायचा. ते बटण बी विंगच्या जिन्याखाली आहे, जाळीजवळून दिसत नाही. मी ते कधी बोलून दाखवले नाही, कारण सवयीचे काम माणूस बोलून करत नाही. किसन यांनी पंपाचे बटण चालूच असताना, भार न उतरवता, फ्यूज दाबला. माझे रबरी हातमोजे माझ्या कपाटात होते, घडी घालून.

तेव्हा साहेब, मी त्यांना अर्धे काम शिकवले आणि पूर्ण किल्ली दिली. याबद्दल माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी.

७. अपघातानंतर मी किल्ली परत घेऊन दार बंद केले होते. पंचनाम्याच्या वेळी माझे कुलूप कटरने कापून जप्त केले. मी तिथे उभा होतो, मला विचारले असते तर किल्लीने काढून दिले असते. असो. आज त्या गोष्टीला साडेतीन महिने झाले. त्या दाराला आजपर्यंत कुलूप नाही. शाखा कार्यालय लावत नाही, संस्था लावत नाही, विकसकांचा प्रश्नच नाही. माझ्या उदाहरणावरून सगळ्यांनी एकच धडा घेतला आहे, की जो कुलूप लावतो तो अडकतो. जुलैत मी दाराला सुतळी बांधली, तर अध्यक्षांनी येऊन सांगितले की काका, सुतळी म्हणजेही ताबाच, वकिलांना विचारल्याशिवाय काही बांधू नये. सुतळी काढली.

सध्या मी दारासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो. सकाळी दूध झाल्यावर येतो, दिवेलागणीला मुलांचे खेळ संपले की उठतो. चेंडू आत गेला तर मुलांना मागे उभे करतो आणि काठीने काढून देतो. लोक विचारतात, काका, इथे काय करता? मी सांगतो, कुलूप म्हणून बसलोय. लोक हसतात. मीही हसत होतो, आता हसू येत नाही.

८. संदर्भ क्र. २ चे पत्र याच खुर्चीबद्दल आहे. त्यात शाखा कार्यालयाने 'उपकेंद्रधारक' यांना कळवले आहे की उच्च दाबाच्या उपकरणाजवळ व्यक्ती बसवणे धोक्याचे असून तसे आढळल्यास धारक जबाबदार राहील. म्हणजे बसणारा मी, बसवणारा मी, धोका मला आणि जबाबदार मीच. तसेच दि. २ ऑगस्ट रोजी संस्थेची नोटीस आली की आपण सामायिक जागेत खुर्ची टाकून बसता त्यामुळे ती जागा संस्थेच्या वापरात असल्याचा समज होऊ शकतो, तरी खुर्ची उचलावी. मी खुर्ची दोन फूट अलीकडे घेतली आहे. दोन्ही पत्रांतील मराठी उत्तम आहे. दार बंद करण्याबद्दल दोन्हीत एक ओळ नाही.

९. किसन यांच्याविषयी.

सुरक्षा एजन्सीने त्यांना कामावरून कमी केले, कारण उपकेंद्रात जाणे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हते. हे खरे आहे. नळाला पाणी नाही म्हणून अठ्ठेचाळीस घरांच्या शिव्या खाणेही त्या यादीत नसावे. वॉचमनची खोली ऑगस्टमध्ये रिकामी करून घेतली. तेव्हापासून ते आणि त्यांच्या पत्नी सोजराबाई आमच्या बाहेरच्या खोलीत राहतात. सोजराबाई संकुलात धुण्याभांड्याला जातात. जाण्याआधी किसन यांच्या शर्टाची बटणे लावून देतात आणि आल्यावर भाकरीचे तुकडे करून देतात. तो माणूस हे सगळे निमूट करून घेतो. मला बघवत नाही, म्हणून मी जेवायला आत बसतो. हेही कबूल करतो.

हा अर्ज लिहिण्याआधी त्यातला मुद्दा सहा मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, कुलूप तुमचं होतं, हात माझा होता. तुम्ही कामून मधी पडायलात?" मी म्हटले, किल्ली मी दिली. ते म्हणाले, "दिली, पण फ्यूज टाक असं म्हणले नव्हते ना तुम्ही." सोजराबाई भांडी घासत होत्या, त्या न वळता बोलल्या, "कुणाचं तरी नाव लिवा म्हणावं सायेबाला. कुणाचंबी. आमी काय त्याला शिव्या देणार न्हाव."

मला वाटते, या प्रकरणात एवढे शहाणपणाचे दुसरे कोणी बोललेले नाही.

१०. तरी माझी विनंती अशी.

पहिली विनंती. विकसक, वीज कंपनी आणि संस्था या तिघांना २२ सप्टेंबरला एकाच वेळी, एकाच खोलीत, समोरासमोर बसवावे. आजवर ते तिघे कधीच एकत्र बसलेले नाहीत. प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो, आणि ते बोट ज्याच्याकडे जाते तो तिथे हजर नसतो. त्यांच्यापैकी ज्याचे ते ठरेल त्याचे नाव रकान्यात लिहावे आणि त्याने त्याच दिवशी स्वतःचे कुलूप स्वतःच्या फोटोसह दाराला लावावे.

दुसरी विनंती. तसे होत नसेल, कोणाचेच ठरत नसेल, तर त्या रकान्यात माझे नाव लिहावे.

हे मी रागाने लिहीत नाही आणि मला पश्चात्तापाचा झटका आलेला आहे असेही समजू नये. पूर्ण विचार केला आहे. जमीन माझ्या वडिलांच्या नावावर आहे आणि त्यांचा वारस मी एकटा आहे. चार वर्षे कुलूप माझे होते. कंपनीच्या नोंदवहीत ताबा माझा आहे, संस्थेच्या नोटिशीत वापर माझा आहे, लोकांच्या तोंडी डीपी माझी आहे. इतका पुरावा आजपर्यंत कोणत्याही मालकाविरुद्ध आपल्या कार्यालयापुढे आला नसेल. दावा माझ्यावर लागला तर मी हजर राहीन, नाकारणार नाही, तारीख मागणार नाही. जे ठरेल ते देईन, बी-१०३ माझ्या नावावर आहे. तानाबाईंना विचारले आहे. त्या म्हणाल्या, "द्या. पर दाराला आधी कुलूप लावा म्हणावं."

मालक म्हणून माझे नाव लागल्यावर त्याच दिवशी मी एकच अर्ज देईन, की धोकादायक स्थितीमुळे या रोहित्राचा वीजपुरवठा मालकाच्या इच्छेने बंद करावा. अठ्ठेचाळीस घरे, तीन शेड आणि एक टॉवर यांची वीज जाईल. मग जे कोणी धावत येऊन, तुम्ही कोण बंद करणारे, असे मला विचारतील त्यांची नावे मी लिहून घेईन आणि आपणास सादर करीन. रकान्यातले माझे नाव खोडून त्यांच्यापैकी एकाचे लिहायला माझी हरकत राहणार नाही. पण तोवर किसन यांचा दावा दाखल झालेला असेल. मला तेवढेच हवे आहे.

साहेब, आमच्या कारखान्यात कुलूप दिसले की आत माणूस आहे हे कळायचे, आणि कुलपावरचा फोटो बघून तो कोणाचा कोण हेही कळायचे. इथे माणूस आत गेला, भाजून बाहेर आला, आणि अजून आपण सगळे फोटो कोणाचा लावायचा हेच ठरवतो आहोत.

सुनावणीच्या दिवशी किसन माझ्यासोबत येतील. आम्ही सकाळी लवकर येऊ. त्या दिवशी खुर्चीवर बसायला मी भीमराजला विचारले आहे. त्याने सुट्टी टाकली आहे, मात्र त्याचे नाव कुठे येऊ नये अशी त्याची विनंती आहे. वर आलेले आहे, ते कृपया वगळून वाचावे.

आपल्या निर्णयाची वाट पाहत दारापाशी बसलेला,
आपला नम्र अर्जदार,

(सही)
कोंडीराम आबाजी येळवंडे
निघोजे, दि. १ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) एक गुंठ्याचा सातबारा उतारा, कै. आबाजी येळवंडे यांच्या नावचा.
२) वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि माझा वारस म्हणून दाखला.
३) विकसकांचा २०१६ चा हस्तांतर अर्ज, शिक्क्यासह, सहीविना.
४) लाल कुलपाची किल्ली. कुलूप आपल्याकडे जप्त आहे, किल्ली माझ्याकडे राहून उपयोग नाही.
५) माझा एक फोटो, रकाना क्रमांक सातसाठी लागल्यास.
६) श्री. किसन घुगे यांचे संमतिपत्र. त्यावर डाव्या हाताचा अंगठा आहे. ते निरक्षर आहेत असा शेरा कृपया मारू नये. त्यांची सही गेटच्या वहीत १३ मेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ आहे, वळणदार आहे, ती वही मागवून पाहावी.